लिंबाजीची हाक

वालुरात त्या काळी कुणी काही अचाट सांगायला लागलं, की ऐकणारा हात वर करून विचारायचा, "हे तू बगितलं, का लिंबाजीनं सांगितलं?" लिंबाजीनं सांगितलं म्हटलं की संपलं. हसायचं आणि आपापल्या कामाला लागायचं. माणूस चांगला धडधाकट, रोज गावातून मेंढरं घेऊन जाणारा, आणि त्याच्या नावाचं हे असं झालेलं.

माझी कीर्ती नेमकी उलटी होती. मी तिथल्या शाळेत मास्तर. राज्य निजामाचं, शिकवायचं उर्दूत, पोरं रडणार मराठीत. मला खोट्याची भारी चीड. पोरानं "पाटी फुटली" म्हटलं तर "फुटली का फोडली?" हे विचारल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही. बांधावरून भांडण झालं की दोन्हीकडचे लोक मलाच बोलवायचे, कारण मास्तर इकडचंही बोलणार नाही आणि तिकडचंही. याचा मला गर्व होता, आता लपवून काय करायचं?

अशा दोघांची दोस्ती कशी जमली याचं गावाला नवल वाटायचं. त्याचं कारण साधं होतं. शाळेच्या मागं लिंबाची सावली होती आणि दुपारी लिंबाजी मेंढरं तिथं बसवायचा. मी भूगोल शिकवत असलो की तो खिडकीला टेकून ऐकायचा आणि सुटीत मला त्या भूगोलातल्या चुका सांगायचा.

उंच, वाळका, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला विटलेला लाल पटका, खांद्यावर घोंगडं. आणि हातात सदानकदा टकळी. चालताना, बसताना, कुणाच्या मयताला गेला तरी लोकरीचा धागा निघतच असायचा. गावानं या टकळीचाही हिशोब बसवला होता. लिंबाजी खरं बोलत असला की ती हळू फिरते आणि थाप जेवढी मोठी तेवढी ती गरगरते. मी स्वतः नीट पाहिलंय. गावाचं म्हणणं बरोबर होतं.

थापेच्या आधी त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "आता ह्याच्यात माज्या पदरचं काई न्हाई बरं का." हे वाक्य आलं की चावडीवरचे लोक मांडी घालून नीट बसायचे. मग लिंबाजीनं लांडग्याचा पाठलाग केलेला असायचा, आणि तो लांडगा पळत पळत पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात शिरलेला असायचा, आणि पुढचे दोन पाय जोडून देवापुढं बसलेला असायचा. "आरती होईस्तोवर उटला न्हाई ओ! मग मीच म्हणलं, जाऊ द्या, देवाच्या दारात कुटं मारावं." नाहीतर त्याच्या आज्याचं घोंगडं इतकं घट्ट विणलेलं असायचं, की त्यात विहिरीचं पाणी भरून आणलं तरी थेंब गळायचा नाही. टकळी नुसती भिंगरी व्हायची.

या सगळ्या थापांमध्ये एक थाप मात्र तो हळू आवाजात सांगायचा. ती त्याच्या लग्नाची.

धनगराची हाक ज्याची त्याची निराळी असते. जीभ टाळूला लावून तो काहीतरी "ट्र्रऽऽ ह्योऽऽ ह्यो" असं करतो, आणि दोनशे मेंढरांतून त्याचीच मेंढरं वळतात. दुसऱ्याची ढुंकून पाहत नाहीत. लिंबाजीचं म्हणणं, की तो विशीत असताना ताडकळसच्या माळावर त्यानं आपली मेंढरं वळवायला हाक दिली, तर शेजारच्या एका म्हाताऱ्याचा अख्खा कळप त्याच्याकडं चालत आला. आता त्यांच्यात रीत अशी, की परकं जित्राब आपल्या हाकेवर आलं तर त्याच्या धन्याला उपाशी पाठवायचं नाही, तिथंच आपल्या भाकरीतली भाकरी द्यायची. म्हातारा जेवायला बसला. त्याची मुलगी संगं होती, तीही बसली. उठताना म्हातारा म्हणाला, मेंढरं तर तुझ्याकडं आलीच, आता पोरगीही ने.

ती मुलगी म्हणजे गोदावहिनी. ठेंगणी, तोंडाची फटकळ, अंगानं काटक. लिंबाजीच्या कोणत्याही थापेवर तिचा शेरा एकच, "ह्यान्ला काई काम न्हाई."

एका संध्याकाळी चावडीवर ही लग्नाची गोष्ट चालली होती आणि वहिनी डोक्यावर सरपण घेऊन समोरून चालल्या होत्या. एका टवाळ माणसानं त्यांनाच हटकलं. "ओ वैनी, आली होती का मेंढरं खरंच?"

वहिनी क्षणभर थांबल्या. पदर सारखा केला. "मला काय ठावं? माजं ध्यान न्हवतं," म्हणाल्या आणि गेल्या.

चावडी अशी हसली की पारावरची कबुतरं उडाली. लिंबाजीही हसला. पण त्याच्या टकळीचा धागा तुटला होता आणि तो पुन्हा जोडायला त्याला बराच वेळ लागला. मी शेजारीच होतो. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खिडकीत आला. "मास्तर, हैद्राबादला येता का?"

"कशाला रे?"

"बगायला. तितं लय मोठं मोठं काय काय हाय म्हणतेत. तुमीच शिकवायलाव की पोरान्ला." मग जरा थांबून म्हणाला, "मास्तर, एक डाव तरी मी सांगितलेलं लोकान्ला खरं वाटलं पायजे. लय झालं आता. तितं जे दिसंल ते मी सांगीन अन् तुमी नुसती मान हालवा. तुमचा शबूद गावात कुनी मोडत न्हाई."

टकळी अगदी हळू फिरत होती. मी हो म्हणालो.

उन्हाळ्याच्या सुटीत मेंढरं भावाच्या हवाली करून लिंबाजी निघाला. वहिनींनी चार दिवसांच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक मागणी दिली. चारमिनारजवळ बांगड्या मिळतात, त्या आणायच्या. बांगडीचं माप म्हणून हाताची बोटं मिटून त्याभोवती दोरा गुंडाळतात. लिंबाजीनं मापाला दोरा कोणता घ्यावा? आपल्याच टकळीवरचा, लोकरीचा.

"अरे, लोकर ताणते," मी म्हणालो.

"माज्या हातचा धागा ताणत न्हाई," तो म्हणाला आणि टकळी गरगरली.

सेलूला आम्ही गाडीत बसलो. बसलो म्हणजे उभे राहिलो. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. परभणी गेली, आणि पुढं ताडकळसकडचा एक जाडजूड शेठ दोन माणसांची जागा अडवून बसलेला आम्हाला दिसला. लिंबाजीनं माझ्या रुमी टोपीकडं पाहिलं, घसा साफ केला.

"शेठ, जरा सरकून घेता का? आता ह्याच्यात माज्या पदरचं काई न्हाई, पर आमच्या मास्तरान्ला खुद्द हुजुरांनी बोलावणं धाडलंय. राजवाड्यातली लेकरं भूगोलात कच्ची हायत."

शेठ ताडकन उठला. मला खिडकीजवळ बसवलं. वर आपल्या डब्यातला लाडू दिला आणि आपल्या भाच्याला कुठं चिकटवता येईल का ते विचारलं. मी, खऱ्याचा कैवारी, काय केलं असेल? मी लाडू खाल्ला. खिडकीबाहेर बघत राहिलो आणि एक अक्षर बोललो नाही. कितीतरी वेळ पाय दुखत होते हो. लिंबाजी खाली पायाशी बसून टकळी फिरवत माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसत होता.

हैद्राबादला पोचलो आणि सकाळीच चारमिनारपुढं उभे राहिलो. मी पोरांना वर्षानुवर्षं चित्र दाखवत आलो होतो, पण त्या चित्रात ते कुठं मावणार! चारी रस्ते त्याच्याखालून जात होते, टांगे, सायकली, बुरख्यातल्या बाया, मोत्यांची दुकानं, अत्तराचा वास. मी लिंबाजीकडं वळलो. तो मान मागं टाकून, तोंड उघडं टाकून उभा होता. आणि त्याची टकळी थांबली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा ती थांबलेली पाहिली.

त्यानं चारमिनाराला चार प्रदक्षिणा घातल्या. एका टांगेवाल्यानं "कैकू घूम रै जी, कुछ खो गया क्या?" म्हणून विचारलं. लिंबाजीला ऐकूच आलं नाही. चौथ्या फेरीनंतर तो माझ्याजवळ आला आणि अगदी पडेल आवाजात म्हणाला, "मास्तर, ह्याच्यात वाढवायला काईच ठिवलं न्हाई ओ."

"मग चांगलंच की! जसं आहे तसं सांग."

"जसं हाय तसं सांगायची मला सवय कुटं हाय?"

त्याचा चेहरा असा काही पडला होता की मला हसावं की रडावं कळेना. मी त्याला ओढत बांगड्यांच्या बाजारात नेलं. तिथं दुकानदारानं ते लोकरीचं माप हातात घेतलं, बोटांनी जरा ओढलं, आणखी जरा ओढलं. "मियाँ, ये तो लंबाच होता जा रा. बेगम के हाथ के वास्ते है या भैंस के गले के वास्ते?" लिंबाजी चिडला. धाग्यावर विश्वास ठेवा म्हणाला. दुकानदारानं खांदे उडवले आणि धाग्याबरहुकूम हिरव्या, चकचकीत लाखेच्या बांगड्या काढून दिल्या. त्यातून माझा अख्खा पंजा उघडा जात होता.

दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा. दरवाज्यापाशी एक पिकल्या दाढीचा पहारेकरी बसला होता. त्यानं सांगितलं, की इथं या घुमटाखाली टाळी वाजवली की पार वरती, बालेहिसारवर ऐकू जाते. "आजमा लेव जी, एक जना उप्पर जाव, एक नीचे ठैरो." मग गोवळकोंड्याचं नाव कसं पडलं तेही त्यानं सांगितलं. "गोल्ला बोले तो गडरिया. ये पहाड पैले गडरियों काच था."

लिंबाजी एकदम ताठ झाला. "म्हंजे मास्तर, हे आपल्याच धनगराचं हाय की! डोंगर चढणं मला रोजचंच हाय. तुमी जा वर, तुमाला तेवढंच कवतिक. मी इतून वाजवतो."

मी पायऱ्या चढलो. त्या उन्हात त्या पायऱ्या! वर पोचलो तेव्हा माझ्या छातीचा भाता झाला होता. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि कान देऊन उभा राहिलो. टाळी काही ऐकू आली नाही. थोड्या वेळानं ऐकू आलं ते,

"ट्र्रऽऽ ह्योऽऽ ह्यो!"

इतकं स्वच्छ, की तो माझ्या पाठीशी उभा आहे असं वाटून मी वळून पाहिलं. आणि मग मी जे पाहिलं ते पाहिलं. किल्ल्याच्या उतारावर, पडक्या भिंतींतून, पंचवीस-तीस शेळ्या चरत होत्या. त्या साऱ्या शेळ्यांनी एका वेळी माना वर केल्या, आणि दगडांवरून उड्या टाकत खाली, घुमटाकडं निघाल्या. त्यांच्या मागं काठी उगारून ओरडत त्यांचा धनी. मी पायऱ्या दोन दोन करून उतरलो. पडलो कसा नाही देव जाणे.

खाली लिंबाजी शेळ्यांच्या घोळक्यात उभा होता. तो धनी तेलुगूत तावातावानं भांडत होता, पहारेकरी "तौबा, तौबा" करत होता. लिंबाजीला तेलुगूचा गंध नाही. त्यानं शांतपणे फडकं सोडलं, भाकरी काढली, तिच्यावर चटणी घातली आणि दोन्ही हातांनी त्या माणसापुढं धरली.

तो माणूस बोलता बोलता थांबला. भाकरीकडं पाहिलं, लिंबाजीच्या घोंगड्याकडं पाहिलं, आणि काठी बाजूला ठेवून मांडी घालून खाली बसला. रीत दोन्हीकडं तीच असावी. मग दोघं तासभर बोलत होते, एक मराठीत, एक तेलुगूत. शेळ्यांचे दात पाहिले, खूर पाहिले. मी शेजारी बसून तेच जेवलो. आता मला वाटतं, दोघांची हाक थोडीफार सारखी असेल. पण तेव्हा असलं काही माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं एकच होतं. म्हणजे ताडकळसची मेंढरंही आलीच असणार!

परतीच्या गाडीत लिंबाजी म्हणाला, "शेळ्यांचं मी सांगणार न्हाई. मी सांगितलं की मेलं ते. तुमी सांगा. तुमी सांगितलं की लगनाचं बी खरं हुतंय."

"अरे, सोड! मी आहे ना," मी छातीवर हात मारला.

चावडीवर गाव जमलं होतं. लिंबाजी मध्ये बसला. सगळ्यांनी मांड्या घातल्या. लिंबाजी म्हणाला, "चार मिनार हायत. उंच हायत."

"मग?"

"मग काई न्हाई. गोवळकोंड्याला किल्ला हाय. चढताना दम लागतो."

लोकांचा विरस झाला. आठ दिवस वाट पाहून हे? एका म्हाताऱ्यानं तर काळजीनं विचारलं, तब्येत बरी हाय ना? तेव्हा मी उठलो. शिकवताना उभं राहतो तसा उभा राहिलो आणि शेळ्यांची गोष्ट सांगितली. रंगलो हो मी! लोक माझ्याकडं टक लावून बघत होते. अशी नजर शाळेत मला कधी मिळाली नव्हती. त्या भरात तीस शेळ्यांच्या शंभर झाल्या. कशा झाल्या ते मला आजतागायत समजलेलं नाही. तेवढ्यावर थांबलो असतो तर चाललंही असतं, पण मी म्हणालो, "आणि त्यांतल्या एका बोकडानं लिंबाजीच्या पायावर डोकं टेकवलं!"

मग कुणीतरी म्हणालं, "घ्या! मास्तरला बी लिंबाजी लागला!"

असा हशा मी पुन्हा ऐकला नाही. पोट धरून लोक गडबडा लोळत होते. मी "अरे, शेळ्या खऱ्या होत्या, तीस होत्या, बोकड तेवढा..." असं काहीतरी ओरडत होतो, आणि जितकं ओरडावं तितकं ते हसत होते. लिंबाजीनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. रागानं नाही, आणि तेच मला झोंबलं. "जाऊ द्या मास्तर," म्हणाला, "हुतं असं."

नंतर मी पुष्कळ खटपट केली. एकेकाला गाठून सांगितलं. लोक आदरानं ऐकायचे आणि वळून हसायचे. तेव्हापासून वालुरात बांधाच्या भांडणाला मला कुणी बोलावलं नाही, त्याचं मला काही नाही. पण ज्याच्यासाठी गेलो त्याचं काम मी माझ्या हातानं घालवलं, हे मात्र खात राहिलं. गोदावहिनींना त्या बांगड्या कोपराच्या वरपर्यंत सरकवाव्या लागायच्या. हात खाली केला की खळ्ळकन मनगटावर. "ह्यान्ला काई काम न्हाई," त्या म्हणायच्या. पण काढल्या नाहीत कधी.

पोलीस कारवाई झाली, राज्य बदललं, आणि त्याच हिवाळ्यात माझी पाथरीला बदली झाली. सामान बैलगाडीत घालून सकाळी निघालो. ज्वारी पोटऱ्यात आली होती. लिंबाजी निरोपाला आला नव्हता, त्यामुळं मी जरा खट्टू होतो. गावाबाहेर माळाजवळ आलो आणि वरून हाक आली.

"ट्र्रऽऽ ह्योऽऽ ह्यो!"

"गाडी थांबवा," मी गाडीवानाला म्हणालो, आणि उतरून चालत माळाकडं गेलोसुद्धा. लिंबाजी घोंगडं अंथरून उभाच होता. शेजारी वहिनी, पुढं भाकरी, ठेचा, दुधाचा तांब्या.

"हाकंवर आलाव मास्तर, आता उपाशी जाता येत न्हाई," तो म्हणाला.

मी जेवायला बसलो. लिंबाजी बैलांना पाणी दाखवायला गाडीकडं गेला. वहिनींनी तो लांब गेल्याची खात्री केली, बांगड्या वर सरकवल्या आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "मास्तर, त्या शेळ्या खरंच आल्या होत्या का ओ?"

"वहिनी, तीस होत्या. डोळ्यांनी पाहिल्या. बोकड माझ्या पदरचा."

वहिनी हसल्या. मग म्हणाल्या, "आता तुमी गाव सोडून चाललाव म्हून सांगते. आमची मेंढरं बी आली होती. म्होरं मेंढरं अन् मागं मी. बापाला वाटलं, मी मेंढरं आडवायला पळाले." त्या पुन्हा बांगड्यांशी चाळा करायला लागल्या. "मी आडवायला न्हवते पळाले."

"मग त्या दिवशी चावडीवर का नाही सांगितलंत?"

"अगं माय! असं चारचौघांत बाईनं सांगायचं असतंय व्हय? ह्यान्ला बी सांगू नका. शपत हाय. लय चढून जातील."

मी शपथ घेतली. लिंबाजी आला, "काय म्हणायली ही?" विचारलं. मी म्हणालो, "भाकरी आणखी घ्या म्हणाल्या." मग पाया पडणं झालं, डोळे पुसणं झालं आणि मी गाडीत बसलो. गाडी शंभर पावलं गेली. शपथ मोडायची नाही, आयुष्यात मोडली नव्हती. दीडशे पावलं गेली. मग मात्र मी गाडीत उभा राहिलो, दांडीला धरलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो,

"लिंबाजीऽऽ! मेंढरं आली होतीऽऽ! वहिनींनीच सांगितलंय! त्या पण हाकेवरच आल्या होत्याऽऽ!"

वहिनींनी झटकन दोन्ही हातांनी तोंडावर पदर ओढला, आणि वर केलेल्या हातांवरून साऱ्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. लिंबाजी त्यांच्याकडं वळून उभा होता. तोंड उघडं. टकळी थांबलेली, धाग्याला नुसती लोंबत होती.

गाडी वळणाला लागेपर्यंत मी बघत होतो. टकळी काही फिरली नाही.